पूलभोवतीचं कुंपण आणि त्याखालचं काँक्रीट

लोणावळा, कर्जत, अलिबागकडे सुट्टीसाठी बंगला घेताना स्विमिंग पूल आहे का, हे आधी विचारलं जातं. त्याला कुंपण आहे का, हे क्वचितच. काही मालक आता आपणहून ते बसवून घेतात, हे चांगलंच. पण या कामाबद्दलच्या काही समजुती कुंपणापेक्षा घट्ट रुतलेल्या असतात.

‘खाली काँक्रीटच आहे, कुठेही भोक मारा.’

वरून दिसते ती लादी. तिच्याखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर आणि मग कुठे पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, तेही बऱ्याचदा जेमतेम चार इंचांचं. खांबाची बेस प्लेट जमिनीला धरून ठेवणारा फास्टनर आखूड असला, तर लादी आणि मसाल्यातच अडकतो. पान्याला घट्ट लागतो, म्हणून फसगत होते. चार फुटी खांबाच्या टोकाला कुणी ५० किलोंच्या जोराने रेललं, आणि बेस प्लेटच्या बोल्टांच्या दोन रांगांत १० सेंटीमीटर अंतर असलं, तर एक रांग साधारण ६०० किलोंच्या ताणाने वर ओढली जाते. लादीच्या भरवशावर हा ताण पेलत नाही. भोकाची खोली मोजायची ती काँक्रीटमधली. लादी आणि मसाला त्यात धरायचा नाही. भोक मारण्यापूर्वी लादी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर तिथे बेस प्लेट नको.

कडेपासून अंतरही हवं. एक्स्पान्शन फास्टनर आवळला की काँक्रीटला बाजूंना रेटतो, आणि कड जवळ असली तर ढलपाच निघतो. पूलच्या भिंतीच्या माथ्यात, म्हणजे कोपिंगच्या पट्ट्यात, ड्रिल लावूच नये. तिथे सळया असतात, वॉटरप्रूफिंग असतं. शिवाय पाण्याचे पाइप आणि दिव्यांच्या वायरी कुठून गेल्यात, हे पूल बांधणाऱ्याला आधी विचारावं. नंतर ते पाणीच सांगतं.

‘केमिकल भरलं की काम फत्ते.’

केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट, चिकटतो तो भोकाच्या भिंतीला. तिथे धूळ राहिली तर तो धुळीलाच चिकटतो. म्हणून फुंकर, तारेचा ब्रश, पुन्हा फुंकर; आणि ही फुंकर पंपाची, तोंडाची नव्हे. पाणी सोडत गोल कापून काढलेल्या, म्हणजे कोअर कटिंगच्या, भोकात सिमेंटचा ओला राडा उरतो आणि भिंती गुळगुळीत होतात. तिथे आधी धुणं आणि मग कंपनीच्या पत्रकाप्रमाणे वाळवणं आलं. ही पाच मिनिटं वाचवली जातात ती शेवटच्या खांबांवर, जेव्हा सगळ्यांना घरी जायचं असतं. काँक्रीट नवं असेल तर घाई आणखी महागात पडते: सातव्या दिवशी ते कडक लागतं, पण त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही.’

३०४ ग्रेडवर क्लोरीन आणि खाऱ्या हवेने तांबूस डाग पडतात. अलिबागला ३१६ घ्यावं, आणि तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं.

‘उंची भरली की झालं.’

घरगुती पूलच्या कुंपणाबाबत ऑस्ट्रेलियात कडक कायदे आहेत. तिथल्या मानकात कुंपणाची उंची किमान १.२ मीटर, खालची फट जास्तीत जास्त १०० मिलिमीटर. आपल्याकडे डेकला पाणी वाहून जायला उतार असतो. म्हणून फट सर्वांत खालच्या जागी मोजावी, नाहीतर एका टोकाला १०० असलेली फट दुसऱ्या टोकाला लहान मूल सरपटत जाईल इतकी होते. कुंपणाला टेकवलेली खुर्ची किंवा कुंडी म्हणजे मुलासाठी पायरीच. फाटक पूलच्या उलट दिशेला उघडावं, आपोआप मिटावं आणि कडी स्वतःहून लागावी. विटेने अडवून ठेवलेलं फाटक असलं काय, नसलं काय.

‘काढता-घालता येणारी जाळी सोयीची.’

सोयीची आहेच. काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळ्यांतून खांब उपसता येतात, नळ्यांना झाकणं लावता येतात. पण जाळी काढली जाते पाहुणे जमल्यावर, फोटोत आड येते म्हणून. म्हणजे घरात सर्वांत जास्त मुलं असतात आणि पूलकडे लक्ष सर्वांत कमी असतं, नेमकं तेव्हा.