नर्सभगिनींची पदवी : दोन वर्षांचा हिशेब घराने मांडावा

रात्रपाळी संपवून सकाळच्या लोकलने परतणाऱ्या नर्सभगिनी आमच्या वस्तीत कमी नाहीत. घरी आल्यावर आधी पाणी भरायचे, मग मुलांचे डबे आणि उरला वेळ तर झोप. यांपैकी बहुतेकींनी जी.एन.एम. हा डिप्लोमा केला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदविले आणि लगेच कामाला लागल्या. त्यांच्या पगारावर भावंडे शिकली, लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले. त्यांना स्वतःला पुढे शिकायचे होते का, हे मात्र कोणी विचारले नाही.

अशीच एक भगिनी एका रविवारी आमच्याकडे आली. बारा वर्षे एका खाजगी रुग्णालयात नोकरी. म्हणाली, "दादा, जिला मी सलाईन लावायला शिकवलं, ती पोरगी आता कॉलेजात टीचर झाली. विद्यार्थिनी घेऊन माझ्याच वॉर्डात येते. राग नाही तिचा, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही."

दोघींत फरक होता तो पदवीचा. डिप्लोमा झालेल्या नोंदणीकृत नर्सला चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग पहिल्यापासून करावे लागत नाही. तिच्यासाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वॉर्डातले काम तिला येतेच. येथे सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक आरोग्य, नर्सिंगचे अध्यापन, प्रशासन आणि संशोधन हे विषय शिकवले जातात. पुढे एम.एस्सी.ची वाट उघडते, शिकविण्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो.

हा प्रश्न केवळ बढतीचा नाही. अमेरिकेतही दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन नर्स होता येते व नंतर बॅचलर पदवी घेता येते. तेथील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत पदवीधर नर्सेसचे प्रमाण जास्त, तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे मृत्यू कमी, असे त्यात दिसले. 2017 मध्ये न्यूयॉर्क राज्याने तर नव्या नर्सेसनी दहा वर्षांत पदवी घ्यावी असा कायदाच केला. याचा अर्थ डिप्लोमावाली नर्स कमी प्रतीची असा नव्हे. तिच्या अनुभवाला अभ्यासाची जोड मिळाली तर रुग्णाचेही भले होते, एवढाच याचा अर्थ.

मग आमच्या भगिनी थांबतात कुठे? बुद्धीपाशी नाही, घराच्या उंबरठ्यापाशी. दोन वर्षे पगार बंद, हे ऐकताच घर गप्प होते. येथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका भगिनीने हाच सल्ला विचारला होता. "हातची नोकरी सोडू नका," असे आम्ही सांगितले. ती आजही रात्रपाळी करते आहे.

म्हणून या वेळी आम्ही तिच्या घरी गेलो. पती रिक्षा चालवितात. सासूबाई म्हणाल्या, "पोरांच्या शाळेचं बघायचं का हिच्या?" आम्ही कॉमर्सचे. वाद न घालता वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे फी, पुस्तके, बुडणारा पगार. दुसरीकडे साठलेली शिल्लक, पतपेढीचे कर्ज, पुढे ढकलता येणारा खर्च. रात्री अकरा वाजता पती म्हणाले, "घराचा रंग राहू द्या दोन वर्षं." रुग्णालयाने रजा दिली नाही, राजीनामा द्यावा लागला. इंग्रजी पुस्तकांनी रडविले, एक विषय राहिला, फेरपरीक्षेत सुटला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळचे डबे आता सासूबाई भरतात.

बाबासाहेबांनीही हेच केले होते. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकाच्या पगारातून पैसे साठवून, नोकरी सोडून ते 1920 मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि घर रमाईंनी ओढले. शिकणारा एक असतो. त्याचे शिक्षण पेलणारे अनेक असतात.

ज्यांना विचार करावयाचा आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. घरबसल्या पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. हे शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहूनच होते. सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजेविषयी लेखी विचारणा करावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढावा. बिनपगारी रजा घेऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो.

आणि बंधूंनो, तुमच्या घरात अशी पत्नी, बहीण किंवा सून असेल तर ती विचारण्याची वाट पाहू नका. आज रात्री जेवण झाल्यावर वही तुम्हीच काढा आणि तिला शेजारी बसवून दोन रकाने पाडा.