वडिलांपुढचे न्यायमूर्ती

माधवराव रानडे कोल्हापूर संस्थानात काही काळ न्यायाधीश होते. वडील गोविंदराव त्याच संस्थानच्या नोकरीत होते आणि बिऱ्हाड एकत्र होतं. एकदा ओळखीतला एक पक्षकार गोविंदरावांकडे आला. खटला माधवरावांसमोर चालायचा होता आणि त्याला आपली बाजू घरीच, आधी त्यांच्या कानावर घालायची होती. गोविंदरावांना संकोच वाटला, तरी त्यांनी मुलाकडे शब्द टाकला. वडिलांपुढे मान वर करून न बोलणाऱ्या मुलानं तेव्हा नम्रपणे सांगितलं की असे लोक घरी येऊ लागले तर मला इथून बदली मागून घ्यावी लागेल. त्यानंतर गोविंदरावांनी मुलाच्या कामात कधी तोंड घातलं नाही. रानड्यांच्या चरित्रांत ही गोष्ट ‘निःस्पृहता’ या सदराखाली येते आणि वाचक पान उलटतो. पण जो मुलगा कोर्टाच्या बाबतीत वडिलांना नाही म्हणू शकला, त्याला पाच-सहा वर्षांनी स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत तोच शब्द उच्चारता आला नाही. रानड्यांच्या कुटुंबवत्सलतेविषयी लिहायचं तर सुरुवात या विसंगतीपासूनच करावी लागते.

सार्वजनिक माणूस म्हणून त्यांची कारकीर्द सर्वांना तोंडपाठ असते. जन्म 18 जानेवारी 1842, निफाडचा. लहानपण कोल्हापुरात, पुढचं शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतले ते. 1866 मध्ये एलएल.बी., मग एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन, 1871 मध्ये अ‍ॅडव्होकेटची परीक्षा. वकिली केली असती तर खोऱ्यानं पैसा ओढला असता, पण त्याच वर्षी पुण्याला न्यायखात्यात नेमणूक झाली आणि शेवटपर्यंत ते सरकारी नोकरीतच राहिले. नोकरी सांभाळून सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, हुजूरपागेची शाळा, सामाजिक परिषद. एवढं एकाच माणसानं कधी केलं, असा प्रश्न पडतो. मला त्याहून मोठा प्रश्न पडतो तो त्यांच्या घराचा. त्या घरात सावत्र आई होती, सावत्र भाऊ होते, तरुणपणीच विधवा झालेली बहीण दुर्गा होती, चुलत्या-आत्या अशी वडीलधारी बायकामंडळी होती, आणि वर येणारे-जाणारे. एवढ्यांचा कर्ता मुलगा हा होता.

ऑक्टोबर 1873 मध्ये पहिली पत्नी सखूबाई गेली. माधवराव तेव्हा एकतिशीत होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत अग्रभागी होते. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुनर्विवाहोत्तेजक मंडळीत ते होते, 1869 मध्ये मुंबईत लागलेल्या पुनर्विवाहात सहभागी झाल्याबद्दल शंकराचार्यांचा बहिष्कारही त्यांनी ओढवून घेतला होता. आता हा गृहस्थ विधवेशीच लग्न करणार, असं मित्रांना वाटत होतं आणि नेमकं तेच गोविंदरावांनाही वाटत होतं. म्हणून त्यांनी घाई केली. साताऱ्याकडच्या देवराष्ट्र्याचे कुर्लेकर आपल्या यमुनेला घेऊन पुण्यात आले होते. मुलगी अकरा वर्षांची, अक्षरओळखही नसलेली. माधवरावांनी विनवण्या केल्या, सहा महिने तरी थांबा म्हणाले, दुर्गेचा दाखला दिला. बहीण आपल्याहून लहान, तिच्या एकटेपणाची काळजी कुणाला नाही आणि माझ्याच लग्नाची एवढी घाई का? यावर गोविंदरावांकडे युक्तिवाद नव्हता. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, तू ऐकणार नसशील तर मी कोल्हापूरला निघून जातो, मग तुझा-माझा संबंध संपला.

माधवराव गप्प झाले. डिसेंबरात लग्न लागलं. लग्नाहून घरी आल्यावर नवरदेव कुणाशी न बोलता खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. ही हकिगत त्याच यमुनेनं, म्हणजे लग्नानंतरच्या रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे, तक्रारीचा सूर न लावता. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकाला गोखल्यांची प्रस्तावना आहे आणि मराठीतलं इतकं प्रामाणिक घरगुती गद्य दुसरं सांपडणं कठीण.

महाराष्ट्रानं रानड्यांना हे लग्न कधीच पूर्णपणे माफ केलं नाही. ‘बोलके सुधारक’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. त्यातून पुढच्याच वर्षी, 1874 मध्ये, विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः विधवेशी लग्न केलं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी केलं. तुलना टळणार कशी? रानड्यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की त्यांनी स्वतःचं समर्थन म्हणून कुठलंही शास्त्र पुढे केलं नाही. वडिलांचं मन मोडवत नव्हतं, एवढंच खरं कारण होतं आणि ते तेवढंच राहू दिलं. मला हे लग्न चूकच वाटतं. पण ज्या मुलीला त्यात ओढलं गेलं तिच्यावरच सगळा राग काढणारे नवरे त्या काळात शेकड्यांनी होते. रानड्यांनी तसं केलं नाही.

लग्नानंतर सासरे गावी परतले आणि त्याच रात्री माधवरावांनी यमुनेला, आता रमेला, माडीवर बोलावलं. आपल्या नवऱ्याचं नाव माहीत आहे का, गाव कुठलं, घरी कोण कोण आहे असं विचारून पाटी पुढे केली आणि मुळाक्षरं सुरू केली. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव शिकवायला येऊ लागल्या. नाशिकच्या बदलीत इंग्रजी सुरू झालं. आणि इथून त्या घरातलं खरं युद्ध पेटलं, कारण दिवसा घरात राज्य होतं ते बायकांचं. पुस्तक हातात दिसलं की टोमणे, माडीवर दिवा जास्त वेळ जळला की टोमणे. दुर्गाबाईही त्यात होत्या. ज्या बहिणीच्या दुःखाचा दाखला भावानं वडिलांना दिला होता, तीच बहीण वहिनीच्या शिक्षणाविरुद्ध उभी राहिली, यात मला आश्चर्य वाटत नाही. जिला काहीच मिळालं नाही तिच्यासमोर दुसरीला सगळं मिळत होतं.

माधवराव काय करत? वडीलधाऱ्यांना एका शब्दानं दुखवायचं नाही आणि शिकवणी एक दिवसही थांबवायची नाही. रमाबाईंनाही त्यांचं सांगणं तेच, उलट बोलायचं नाही, सोसायचं आणि आपलं चालू ठेवायचं. ऐकायला थोर वाटतं. पण सोसणारी होती ती रमाबाई. माधवराव दिवसभर कचेरीत असत. 1884 मध्ये मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात सभा झाली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर होते. रमाबाईंनी त्यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं. घरी आल्यावर बायकांनी जो गहजब केला त्याचं वर्णन मुळातूनच वाचावं. माधवरावांनी कुणाला बोल लावला नाही आणि रमाबाईंना मागेही हटू दिलं नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हुजूरपागा उघडली.

त्यांचा राग कसा असे, तेही रमाबाईंनी सांगून ठेवलं आहे. एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या धाकानं त्यांनी सुधारक बायकांच्या सभेला जायचं टाळलं. रात्री नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं, तळपायांना तूप चोळलं, पण माधवराव बोलेनात. शब्द नाही, रागावणं नाही, नुसतं मौन. रमाबाईंना रडू आवरेना. वडिलांपुढे गप्प बसणाऱ्या माणसानं बायकोपुढे गप्प राहणं हे शस्त्र म्हणून वापरलं, हे वाचताना मला अजूनही खटकतं.

नोकरीचा फेरा आणि संसार यांची वेगळी वाटणी त्या घरात नव्हतीच. 1879 च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा जळाला. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे दिवस, त्यात आग लावणाऱ्याचं आडनाव रानडे निघालं. सरकारला संशय आला आणि माधवरावांची बदली एकदम धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात. बंडखोरांच्या नावानं खोटी पत्रंही त्यांना येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. मित्र नोकरी सोडा म्हणत होते. त्यांनी ती सोडली नाही. एकत्र कुटुंबाचा भार हेही त्यामागचं एक कारण असावं, असं मला वाटतं. दोन वर्षांपूर्वीच गोविंदराव वारले होते आणि सगळं घर माधवरावांवर आलं होतं. पुढे दख्खनच्या शेतकरी कायद्याखालच्या कामासाठी पुणे, सातारा, नगर, सोलापूर अशी फिरती सुरू झाली. रमाबाई बरोबर असत. मुक्काम तंबूंत, सामान बैलगाड्यांतून. सावकार आणि कुळं यांची कागदपत्रं तपासायची ती दिवसा, वाचन संध्याकाळी.

1886 मध्ये अर्थसमितीच्या कामासाठी मुक्काम कलकत्त्याला होता. एके दिवशी माडीवरून बोलण्याचा आवाज ऐकून रमाबाई बघायला गेल्या. कोण पाहुणा आला म्हणून पाहतात तर न्हावी! तोंडाला साबण लावलेले माधवराव बंगाली पुस्तक मोठ्यानं वाचत होते, शब्द अडला की न्हावी अर्थ सांगत होता. काही दिवसांत त्यांनी रमाबाईंना बंगाली शिकवायला सुरुवात केली. त्या नवरा-बायकोत प्रेमाची भाषा बहुधा हीच असावी. लाडाचा शब्द त्या पुस्तकात फारसा सांपडत नाही. धडे मात्र पानोपानी आहेत.

सार्वजनिक आयुष्यात घरानं त्यांना आणखी एकदा गाठलं. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला, त्याला रानडेही हजर होते. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात काहूर माजलं. श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळेनात, नातलग येईनात. झळ पोचली ती घरातल्या बायकांना, ज्यांनी चहाचा पेला पाहिलाही नव्हता. 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई सांगतात की ते स्वतःसाठी नव्हतं; एका मित्राच्या घरचं दुःख पाहवलं नाही, त्यानं गळ घातली आणि सोबत म्हणून ते बसले. पुन्हा तीच गत. विचार पटलेला असायचा, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की विचार बाजूला. टिळकांच्या पक्षानं यथेच्छ टिंगल केली, सुधारक हळहळले. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात डॉ. आंबेडकरांनी रानड्यांवर जे भाषण केलं, त्यात त्यांना थोर पुरुषांत गणलं, तेही त्यांचे दोष माहीत असताना.

1893 मध्ये न्या. तेलंगांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. डोळे अधू होत चालले होते, वाचून दाखवायला रमाबाई असत. माधवरावांनी पाटीवर गिरवून घेतलेल्या मुळाक्षरांची ही परतफेड होती. डिसेंबर 1900 मध्ये लाहोरची सामाजिक परिषद होती. प्रकृतीमुळे डॉक्टरांनी जाऊ दिलं नाही. त्यांचं भाषण गोखल्यांनी तिथे वाचलं. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत ते गेले. मूलबाळ नव्हतं.

रमाबाई तेव्हा अडतिशीत होत्या. काही काळ त्या घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. मग तुरुंगातल्या बायकांकडे जाऊ लागल्या आणि 1908 मध्ये मुंबईत, 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे विधवा, परित्यक्ता शिकू लागल्या, शिवण आणि शिक्षिकेचं काम शिकू लागल्या. ब्राह्मण घरातली विधवा दवाखान्यात परक्या रोग्याला हात लावेल, ही कल्पनाही लोकांना सहन होत नव्हती, तरी सेवासदनाच्या मुली ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला गेल्या. त्यातल्या कितीतरी जणी दुर्गाबाईंसारख्याच, ऐन तारुण्यात विधवा होऊन कुणाच्या तरी माजघरात बसलेल्या होत्या.