नाताळ : गव्हाण आणि बाजार

लूकच्या शुभवर्तमानातील येशूजन्माची कथा एका राजाज्ञेपासून सुरू होते. रोमन सम्राट ऑगस्टसने नावनोंदणीचे फर्मान काढले आणि त्यापायी नासरेथचा योसेफ गर्भवती मरियेसह बेथलेहेमला आला. उतारशाळेत जागा नव्हती. नवजात बालकाला गव्हाणीत निजवावे लागले. या जन्माची वार्ता प्रथम पोचली ती रानात रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

याच कथेतील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. प्रसूतीनंतर मातेने मंदिरात कोकरू अर्पण करावे आणि तेवढी ऐपत नसल्यास दोन पक्षी अर्पण करावेत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. लूक केवळ पक्ष्यांचा उल्लेख करतो. कोकराची किंमत न परवडणाऱ्या कुटुंबाची ही कथा आहे.

शुभवर्तमानात जन्मतिथी नाही. २५ डिसेंबरला हा सण साजरा होत असल्याचा जुना पुरावा रोममधील असून तो इ. स. ३३६ चा आहे. पुढे १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभारला, तो त्या दारिद्र्याचे स्मरण देण्यासाठीच. एकोणिसाव्या शतकात मात्र सणाचे स्वरूप पालटले. १८४३ मध्ये लंडनमध्ये छापील शुभेच्छापत्र विक्रीस आले. भेटवस्तू वाटणारा सांताक्लॉज अमेरिकेत लोकप्रिय झाला आणि विसाव्या शतकात जाहिरातींचा नायक बनला.

१९३९ मध्ये तर शासनही बाजाराच्या मदतीला धावले. अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग'नंतर नाताळची खरेदी सुरू होते. तो दिवस त्या वर्षी ३० नोव्हेंबरला येत असल्याने व्यापाऱ्यांना चिंता वाटू लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो एक आठवडा अलीकडे ओढला. एका राजाज्ञेने गरीब कुटुंबाला प्रवासास भाग पाडले होते. दुसरीने विक्रीसाठी पंचांगच बदलले.

या खरेदीने समाधान तरी तितकेच वाढते काय? अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून असा अंदाज मांडला, की भावनिक मूल्य वगळल्यास, भेट स्वीकारणाऱ्याच्या लेखी तिचे मोल खर्चाच्या मानाने दहा टक्क्यांपासून एक-तृतीयांशापर्यंत कमी भरते. म्हणजे भेटीचे खरे मोल, असलेच तर, भावनेत आहे आणि ती दुकानात मिळत नाही.

अर्थात, बाजाराला सरसकट दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. २०२३ मध्ये गाझातील युद्धामुळे खुद्द बेथलेहेममधील सार्वजनिक उत्सव रद्द झाला. ज्या गावी एकेकाळी जागा मिळाली नव्हती, तेथील हॉटेले रिकामी राहिली आणि यात्रेकरूंवर पोट असलेल्या सामान्यांचीच कमाई बुडाली. परंतु प्रार्थना थांबल्या नाहीत. तेथील एका चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती दगडमातीच्या ढिगाऱ्यात ठेवण्यात आली. रोषणाई नसलेला तो देखावा मूळ कथेच्या किती जवळचा होता!

प्रश्न रोषणाई असावी की नसावी, हा नाही. कोकरू न परवडणाऱ्या घरातील जन्माचा हा सण आहे. आज तो साजरा करताना, ज्याला काहीच विकत घेता येत नाही त्याला या आनंदात स्थान उरले आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याच्यासाठी दार बंद असेल, तर उतारशाळेतील त्या नकाराचीच पुनरावृत्ती होत आहे, असे म्हणावे लागेल.