स्थापित क्षमता, प्रत्यक्ष वीज आणि साठवणुकीचे संशोधन

भारताच्या एकूण स्थापित वीज क्षमतेत सौर, पवन, जल, अणू इत्यादी बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला. पॅरिस करारांतर्गत हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवलेले होते. तथापि २०२४-२५ या वर्षात देशात निर्माण झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासूनच मिळाली. ही दोन्ही विधाने सत्य आहेत. त्यांच्यातील वरवरची विसंगती उलगडली, की कार्बन उत्सर्जन घटविण्याच्या संशोधनाचा रोख कोठे आहे, हे स्पष्ट होते.

क्षमता व उत्पादन

संयंत्र पूर्ण शक्तीने चालल्यास किती वीज देऊ शकेल, याचे माप म्हणजे क्षमता; ती मेगावॅटमध्ये सांगतात. प्रत्यक्ष हाती आलेले उत्पादन युनिटमध्ये मोजतात. रात्र व ढगाळ हवामान यांमुळे सौर संयंत्राचे वर्षभराचे सरासरी उत्पादन क्षमतेच्या सुमारे २० टक्के भरते. म्हणजेच एका मेगावॅटमागे वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट मिळतात. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे संयंत्र ६५ टक्के चालले तरी सुमारे ५७ लाख युनिट देते.

सौर विजेचा दर हा आता मुख्य अडथळा राहिलेला नाही. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर प्रतियुनिट २ रुपये ९७ पैसे निघाला. अडचण आहे ती सायंकाळची. सूर्य मावळतो त्याच सुमारास घरोघरी विजेची मागणी वाढते आणि तो भार मुख्यतः कोळशाच्या संयंत्रांवर पडतो.

साठवणुकीचे मार्ग

यावरील जुना व खात्रीचा उपाय म्हणजे उदंचन जलविद्युत. महाराष्ट्रातील घाटघर येथे असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवितात आणि मागणी वाढताच ते खाली सोडून वीज निर्माण करतात. या पद्धतीत पाणी चढविण्यास १०० युनिट खर्च केले, तर साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात.

दुसरा मार्ग बॅटरीचा. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लिथियमचे उत्पादन मोजक्याच देशांत एकवटलेले आहे. म्हणून मिठातही आढळणाऱ्या सोडियमवर आधारित बॅटरीचे संशोधन महत्त्वाचे ठरते. सोडियमचा अणू जड असल्याने तेवढीच वीज साठविण्यास बॅटरी अधिक वजनाची लागते. मात्र एका जागी बसविलेल्या साठवणुकीत वजनाची अडचण फारशी जाणवत नाही.

साठवणुकीचेही मोल द्यावे लागते. कर्नाटकातील शरावती खोऱ्यात २००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प योजिला आहे. जलाशय पूर्वीचेच असले, तरी बोगदे व रस्ते यांसाठी सिंहपुच्छ वानरांच्या अधिवासातील जंगल तोडावे लागेल, म्हणून त्यास विरोध होत आहे. उत्सर्जन घटविणारा प्रकल्प निसर्गाला निर्धोक असतोच, असे नाही.

समारोप

वृत्तपत्रांत क्षमता व उत्पादन या दोहोंसाठी सर्रास ‘वीज’ हा एकच शब्द वापरला जातो. अध्यापकांनी अशी एखादी बातमी वर्गात वाचून घ्यावी आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत: मेगावॅट किती, युनिट किती, वीज कोणत्या वेळी मिळणार आणि ती कोठे साठविणार? विषय भाषेचा असो वा विज्ञानाचा, आकड्यामागील अर्थ तपासण्याची सवय दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.