शाफ्टाचा मधला आधार

श्रोतेहो, देवरूखहून साखरप्याला आणि तिथून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारी भरलेली पिकअप तुम्ही पाहिली असेल. अशी गाडी जागची हलताना खालून थरथरू लागली, वेग घेताच घरघरू लागली, तर दुखणे कशाचे?

इंजिनाचे बळ मागच्या चाकांना पोचवतो तो शाफ्ट. लांब गाडीत तो दोन तुकड्यांचा असतो. का? उड्यांची दोरी दोन टोकांना धरून फिरवली की मध्ये फुगते ना, तसाच लांब शाफ्टही वेगात मध्ये फाकू पाहतो. शिक्षकांनी मुलांना हे जरूर दाखवावे. म्हणून मध्ये रबरात बसवलेले बेअरिंग असते. गॅरेजात त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात. चिखलपाणी शिरले की त्यातले ग्रीस जाते, गोळ्या झिजतात.

ते बदलताना गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. कारण शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरीत नाही. सोडण्यापूर्वी जोडांवर रंगाच्या खुणा करा. खुणा चुकल्या, तर बेअरिंग नवे असूनही थरथर राहील. जुने पुलरने काढावे, नवे सरळ दाबून बसवावे. वेडेवाकडे ठोकू नये. जोडांचे क्रॉसही हलवून पाहावेत.

चालढकल मात्र नको. घाटात शाफ्ट निखळला, तर चढावर ओढ जाते आणि उतारावर इंजिनाचा रोध. मग सारा भार एकट्या ब्रेकवर, बरे का!