एक रुपयाचा दंड आणि आपल्या घरातला मोबाईल

31 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाला एक रुपया दंड केला. वकिलांचे नाव प्रशांत भूषण आणि आरोप न्यायालयाच्या अवमानाचा. त्यांनी सभा घेतली नव्हती की मोर्चा काढला नव्हता. ट्विटरवर दोन छोटे मजकूर लिहिले होते, एवढेच.

पहिला मजकूर 27 जूनचा. आणीबाणी जाहीर न करताही मागील सहा वर्षांत लोकशाहीचे कसे नुकसान झाले हे इतिहासकार लिहितील, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाची आणि विशेषतः शेवटच्या चार सरन्यायाधीशांची भूमिकाही ते नोंदवतील, असा त्याचा आशय होता. दुसरा मजकूर 29 जूनचा. त्या वेळचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांचे नागपुरात मोटारसायकलवर बसलेले छायाचित्र तेव्हा सगळीकडे फिरत होते. टाळेबंदीमुळे न्यायालयाचे नेहमीचे कामकाज बंद असताना सरन्यायाधीश मास्क आणि हेल्मेटविना गाडीवर आहेत, अशी टीका भूषण यांनी केली. गाडी उभी होती, त्यामुळे हेल्मेटचा प्रश्न गैरलागू होता, हे त्यांनी नंतर मान्य करून तेवढ्यापुरता खेद व्यक्त केला. बाकीच्या मजकुराबद्दल माफी मागायला मात्र त्यांनी नकार दिला. हे माझे प्रामाणिक मत आहे, ते मागे घेतले तर मीच माझ्या विवेकाचा अवमान करीन, अशी त्यांची भूमिका होती.

न्यायालयाचे म्हणणेही समजून घ्यायला हवे. लोकांचा न्यायसंस्थेवरचा विश्वास डळमळला तर लोकशाहीचा पायाच हलतो, म्हणून अशा आरोपांकडे दुर्लक्ष करता येत नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटले. खुद्द महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी शिक्षा करू नका, अशी विनंती केली होती. शेवटी एक रुपया दंड झाला. तो 15 सप्टेंबरपर्यंत न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षे त्या न्यायालयात वकिली बंद, अशी अट होती. भूषण यांनी मुदतीत रुपया भरला.

आम्ही ही हकीकत आज सांगतो आहोत ती भूषण यांच्या बाजूने किंवा विरुद्ध निकाल देण्यासाठी नाही. त्यांच्या मागे नामांकित वकील उभे होते, देशभरातली वर्तमानपत्रे रोज लिहीत होती आणि कायदा त्यांना तोंडपाठ होता. प्रश्न आपल्या घरातल्या मुला-मुलीचा आहे. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी स्टेटसला दोन ओळी टाकल्या आणि सकाळी दारात पोलीस आले तर त्यांच्या मागे कोण उभे असेल?

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका तरुणीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने तो मजकूर फक्त लाईक केला. दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड केली. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. याच घटनेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ घटनाबाह्य ठरले. सगळ्या देशाला दिलासा मिळाला, पण त्या दोन मुलींची ती रात्र कोणताही निकाल परत देऊ शकला नाही.

दुसरे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातले. ऑगस्ट 2022 मध्ये एका काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसमध्ये 370 कलम हटवल्याबद्दल नाराजी लिहिली आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. दोन गटांत वैर पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. अखेर 7 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे ही सदिच्छा आहे आणि पोलिसांना अभिव्यक्ती स्वातंत्र्य समजावून सांगण्याची वेळ आली आहे, असे त्यांनी सांगितले.

निकाल उत्तमच आहे. पण स्टेटस आणि निकाल यांच्यात दीड वर्षाहून अधिक काळ गेला. वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा, नोकरीची चिंता, शेजाऱ्यांच्या नजरा या गोष्टी निकालपत्रात लिहिल्या जात नाहीत. त्या घरातल्या माणसांनी सोसायच्या असतात. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की बोलण्याचा हक्क माहीत असणे पुरेसे नाही, गुन्हा नोंदल्यावरचे आपले हक्कही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवेत.

अटक झाली तर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलेच पाहिजे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. हे राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये आहे. अटकेची कारणे सांगणे आणि घरच्यांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असा नियम आहे. अशी नोटीस आली तर ती टाळू नये, ठरल्या दिवशी वकिलासह जावे. मोबाईल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागावी. घाबरून मोबाईलमधला मजकूर पुसू नये, कारण पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप येऊ शकतो.

मार्च 2025 मध्ये याच दोन न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या बोलण्या-लिहिण्याच्या आरोपांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असे त्या निकालात म्हटले आहे. आपल्या वकिलाला या निकालाची आठवण करून द्यायला हरकत नाही.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. तालुका आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा कार्यालय असते. स्त्रिया, मुले आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करून माहिती घेता येते.

आता मुलांविषयी. काही घरांत अब्बा म्हणतात, मोबाईलवर काहीच लिहायचे नाही. धास्ती आम्हाला समजते, पण गप्प बसवलेली मुले विचार करणेही सोडतात किंवा चोरून लिहितात. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून फरक समजावून सांगा. सरकारच्या निर्णयावर, रस्त्यावर, शाळेवर, निकालावर टीका करणे हा नागरिकाचा हक्क आहे. एखाद्या समाजाचा द्वेष पसरवणे, हिंसेला चिथावणी देणे, खात्री न करता अफवा पुढे ढकलणे हा हक्क नाही, मग ती अफवा आपल्या बाजूची का असेना. पाठवण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकवा: हेच वाक्य मी न्यायाधीशांसमोर उभा राहून सांगू शकेन का?

प्रशांत भूषण यांनी तेच केले. हेल्मेटबद्दल जे चुकले होते ते मान्य केले आणि जे मनापासून वाटत होते त्यावर ठाम राहिले. त्यांचे मत पटो वा न पटो, लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी अशी घ्यायची असते. आपल्या मुलांनी हे शिकावे, आणि ती असे उभी राहतील तेव्हा घरचे त्यांच्या पाठीशी असावेत.