पंच नसलेला खेळ

पिंपळे गुरव, सांगवी परिसरातील आपल्या व्यापारी कुटुंबांत वडील दिवसभर दुकानात आणि मुले सुटीत घरी, हे नेहमीचेच चित्र. अशा वेळी मुलाच्या हाती काय आहे, याकडे श्रावकाचे लक्ष असणे अगत्याचे आहे. हल्ली तळहाताएवढ्या यंत्रांत तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम भरून विकले जातात. ज्यांनी लहानपणी ब्रिक गेमचे ठोकळे रचले, त्या पालकांना ते यंत्र मुलाला हौसेने द्यावेसे वाटते. त्यांतील एक प्रकार मात्र विचारात पाडणारा आहे: रस्त्यावरचे बास्केटबॉल आणि मारामारी यांचे मिश्रण.

1993 साली मिडवे कंपनीने ‘एनबीए जॅम’ आणला. प्रत्येक बाजूला दोनच खेळाडू. प्रतिस्पर्ध्याला धक्का देऊन आडवे केले तरी फाउल नाही. पुढच्याच वर्षी तो चार सेलवर चालणाऱ्या गेम बॉयवर आला. 1993 मध्येच जपानच्या टेक्नोस कंपनीच्या ‘नेक्केत्सू स्ट्रीट बास्केट’मध्ये चेंडू मिळवण्यासाठी ठोसेही आले. 1994 च्या ‘शॅक फू’मध्ये तर बास्केटबॉलपटू शकील ओनील नुसताच लढतो, चेंडू नाहीसाच झाला.

या खेळाचा जन्म मात्र नेमका उलट हेतूने झाला होता. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा, धसमुसळेपणा टाळणारा खेळ शोधला. त्याच्या मूळ 13 नियमांत धक्का देणे, धरणे, पाडणे, मारणे यांस स्पष्ट मनाई होती. शंभर वर्षांनी पडद्यावर तीच मनाई मनोरंजनासाठी उठवली गेली.

यावर मुलाचा युक्तिवाद ठरलेला असतो: “यात खरे कोण मरते?” आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. सोमदेवसूरींनी 959 साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त राजा यशोधराची कथा येते. मातेच्या आग्रहास्तव त्याने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मारण्याचा भाव मनात होता. त्या भावाचे फळ म्हणून मायलेकांना पशुयोनीत अनेक जन्म भोगावे लागले. तंदुल मत्स्याची कथाही हेच सांगते. तांदळाएवढा तो मासा कुणालाही गिळत नाही, केवळ गिळण्याचे चिंतन करतो आणि नरकात जातो.

म्हणून प्रत्येक गेम पाप, असा निष्कर्ष काढणेही उचित नाही. बटण दाबणारे मूल सूडाने पेटलेलेच असते, असे नाही. पाहायचे ते त्याचे परिणाम. हरल्यावर तो हसतो की धाकट्या बहिणीवर हात उगारतो? यंत्र ठेवल्यावरही मन त्याच मारामारीत घुटमळते का? श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे, अनर्थदंड विरमण व्रत, याच ठिकाणी उपयोगी पडते. अपध्यान, प्रमादाचरण, हिंस्रप्रदान आणि पापोपदेश हे निष्प्रयोजन हिंसेचे चार प्रकार. त्यांतील हिंस्रप्रदान, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, हे भेटवस्तू देणाऱ्या मामा-काकांनी आणि अशी खेळणी विकणाऱ्या आपल्या दुकानदारांनीही मनाशी तपासून पाहावे.

व्यापाऱ्याच्या घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्या खेळात शिट्टी वाजत नाही, तेथे धक्का देणे हीच हुशारी ठरते. उद्या हाच मुलगा गादीवर बसेल. तराजू तपासायला रोज निरीक्षक येत नाही, गिऱ्हाइकाला मालातले सगळे कळत नाही. खोटे माप टाळण्याचे तिसऱ्या व्रतातील बंधन तेथे स्वतःच स्वतःवर घालावे लागते.

यंत्र हिसकावून घेतल्याने हे मुलाला समजणार नाही. त्याच्याशेजारी बसावे, एक डाव खेळावा, नेस्मिथचे नियम सांगावेत आणि “धक्का न देता जिंकून दाखव” असे म्हणावे. रविवारी त्याला खऱ्या मैदानावर न्यावे, जेथे पडणाऱ्याचा गुडघा खरोखर फुटतो आणि पाडणाऱ्यालाच हात देऊन त्याला उठवावे लागते. येत्या पर्युषणात आठ दिवस यंत्र बाजूला ठेवण्याचे पच्चक्खाण मुलाने घ्यावे असे वाटत असेल, तर त्याच आठ दिवसांसाठी वडिलांनीही आपला मोबाइल बाजूला ठेवण्याची मर्यादा घ्यावी.